हाकेला ओ देणारा फोन : व्हॉइस असिस्टंट आणि मोबाईल कंपन्यांची चढाओढ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोनला हात न लावता नुसत्या हाकेने कामाला लावण्याची सोय आता दहा हजारांच्या फोनवरही मिळते. पण त्या हाकेला कोणत्या कंपनीचा असिस्टंट ओ देणार, हे बहुतेक वेळा फोन आपल्या हातात येण्याआधीच ठरलेलं असतं. तो निर्णय वापरणाऱ्याचा असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे आणि खालची उत्तरं त्याच भूमिकेतून लिहिली आहेत.

‘हँड्स-फ्री’ असिस्टंट आणि साधा व्हॉइस असिस्टंट यांत फरक काय?

बोलून काम सांगता येणं ही एक गोष्ट. बोलण्याआधी बटण दाबावं न लागणं ही दुसरी. ऑगस्ट २०१० मध्ये गूगलने अँड्रॉइडवर व्हॉइस ॲक्शन्स आणल्या, तेव्हा आधी बोट लावावंच लागायचं. ४ ऑक्टोबर २०११ रोजी आयफोन ४एससोबत ॲपलचा असिस्टंट सिरी आली, तीही होम बटण दाबून धरल्याशिवाय ऐकत नसे. सॅमसंगने २०१२ च्या गॅलेक्सी एस३ वर एस व्हॉइस दिलं आणि ‘हाय गॅलेक्सी’ म्हणून त्याला उठवण्याची सोयही केली. मात्र काळी स्क्रीन, टेबलावर पडलेला फोन, खोलीच्या दुसऱ्या टोकाला आपण आणि तरी तो ओ देतोय, हा अनुभव त्यानंतरचा.

कणीक मळताना, गाडी चालवताना किंवा हात प्लास्टरमध्ये असताना खरी गरज याच दुसऱ्या सोयीची असते.

स्क्रीन बंद असताना हाक ऐकणारे फोन पहिल्यांदा कोणी आणले?

गाजवून दाखवलं ते मोटोरोलाने. जुलै २०१३ च्या शेवटी अमेरिकेत व्हेरायझन या मोबाईल सेवा कंपनीसाठी तिने बनवलेले ड्रॉइड फोन जाहीर झाले आणि पाठोपाठ १ ऑगस्टला मोटो एक्स. ‘ओके गूगल नाऊ’ म्हटलं की फोन झोपेतून उठायचा. मोटोरोलाने या सोयीला टचलेस कंट्रोल असं नाव दिलं होतं.

त्यामागची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्या वर्षी बाकीच्या कंपन्या चार कोअर, आठ कोअर अशा आकड्यांवर जाहिराती करत होत्या. मोटोरोलाने मुख्य प्रोसेसर दोनच कोअरचा घेतला आणि त्याच्या जोडीला दोन लहान, कमी वीज खाणारे प्रोसेसर ठेवले. एकाचं काम आवाज ओळखणं, दुसऱ्याचं फोनच्या हालचालीवर लक्ष ठेवणं. या सगळ्याला त्यांनी एक्स८ म्हटलं. कागदावर फोन कमजोर दिसायचा आणि समीक्षकांनी त्यावर बोटही ठेवलं. पण पुढे सगळा धंदा याच वाटेने गेला. आज चांगल्या फोनमध्ये आवाजासाठी वेगळा, सतत जागा असणारा भाग असतोच.

मोटोरोला तेव्हा गूगलच्या मालकीची होती. १२.५ अब्ज डॉलर मोजून २०१२ मध्ये गूगलने ती विकत घेतली होती. अँड्रॉइड बनवणाऱ्याचीच स्वतःची फोन कंपनी असणं आणि नवी सोय आधी तिच्या फोनवर दिसणं, हे सॅमसंगसारख्या भागीदारांना रुचणारं नव्हतं. जानेवारी २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात दोन बातम्या लागोपाठ आल्या : गूगल आणि सॅमसंगमध्ये दहा वर्षांचा पेटंट करार, आणि मोटोरोला लेनोव्होला २.९१ अब्ज डॉलरना विकण्याचा निर्णय. तोवर मोटो एक्स भारतात आलाही नव्हता. आपल्याकडे तो मार्च २०१४ मध्ये फ्लिपकार्टवर आला.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोटो एक्समध्ये एक सोय होती, जिच्याबद्दल मला फार आपुलकी आहे. फोनला कोणत्या शब्दांनी हाक मारायची हे वापरणारा स्वतः ठरवू शकत असे. कंपनीचं नाव घ्यायची सक्ती नव्हती. ही सोय सर्वत्र पसरायला हवी होती. पसरल्या त्या कंपन्यांनी ठरवून दिलेल्या हाका.

फोन दिवसभर कान देऊन बसतो, मग बॅटरी का संपत नाही?

कारण कान देणारा भाग फार छोटा असतो. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं त्याचं काम आहे : प्रत्येकाची चौकशी करायची नाही, फक्त ठरलेली हाक आली की आतल्याला उठवायचं.

ॲपलने २०१७ मध्ये आपली पद्धत बऱ्याच तपशिलात प्रसिद्ध केली होती. मायक्रोफोनमधून सेकंदाला १६,००० नमुने येतात. त्यांचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे पाडून साधारण ०.२ सेकंदांचा आवाज एका वेळी एका लहानशा न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमला, दिला जातो. हे नेटवर्क कमी विजेवर चालणाऱ्या वेगळ्या प्रोसेसरवर असतं. ‘हे सिरी’सारखं काही ऐकू आलं असं त्याला वाटलं, तर मुख्य प्रोसेसर जागा होतो आणि मोठ्या नेटवर्ककडून तोच आवाज पुन्हा तपासून घेतो. दोन्हींची खात्री पटली की मग पुढचं वाक्य ऐकलं जातं. मुख्य प्रोसेसर दिवसातून मोजक्या वेळाच जागा होत असल्याने बॅटरी टिकते.

हाकेचे शब्द लांब आणि थोडे चमत्कारिक का असतात, तेही यातूनच कळतं. ‘अरे’ किंवा ‘ऐक’ अशी आखूड हाक ठेवली, तर घरातल्या प्रत्येक संभाषणात फोन उठून बसेल.

म्हणजे माझं सगळं बोलणं कंपनीकडे जातं का?

हाक ओळखण्याचं काम फोनमध्येच होतं. हाक येईपर्यंतचा आवाज काही क्षण तात्पुरत्या जागेत राहतो आणि पुसला जातो. रचना अशी आहे. पण तिच्यात एक भोक आहे : चुकून ऐकू आलेली हाक. दूरदर्शनवरचं वाक्य, कुणाचं तरी नाव, अर्धवट शब्द, आणि फोनला वाटतं आपल्यालाच बोलावलं. त्यानंतरचं बोलणं ध्वनिमुद्रित होऊन सर्व्हरवर जाऊ शकतं.

२०१९ हे वर्ष या बाबतीत डोळे उघडणारं ठरलं. ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांच्या बाबतीत एकामागोमाग एक उघड झालं की, असिस्टंटला सुधारण्यासाठी माणसं काही ध्वनिमुद्रणं ऐकतात आणि त्यांत चुकून मुद्रित झालेलं खासगी बोलणंही असतं. ॲपलने ऑगस्टमध्ये ते काम थांबवलं, माफी मागितली आणि पुढे ध्वनिमुद्रण देण्याची संमती वापरणाऱ्याकडून आधी घेण्याची पद्धत आणली. याच विषयावरच्या अमेरिकेतल्या एका दाव्यात ॲपलने ९.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. आरोप मात्र कंपनीने मान्य केले नाहीत.

आयओएस (आयफोनची प्रणाली) १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, नव्या आयफोनवर सिरीचं बरंचसं आवाज ओळखण्याचं काम फोनमध्येच होऊ लागलं. स्पर्धेमुळे झालेल्या चांगल्या गोष्टींत मी ही एक धरतो. खासगीपणा हा विक्रीचा मुद्दा झाला, म्हणून त्यावर पैसा खर्च झाला.

तरीही तुमच्या गूगल खात्यातल्या ॲक्टिव्हिटी विभागात एकदा जाऊन बघा. आवाजाच्या नोंदी साठवायच्या की नाही ते तिथे ठरवता येतं आणि जुन्या नोंदी पुसताही येतात.

ॲपलने ‘हे सिरी’ द्यायला उशीर का केला?

विजेमुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ सोबत ‘हे सिरी’ आली ती फोन चार्जिंगला लावलेला असतानाच चालायची. पुढच्या वर्षी आयफोन ६एसमध्ये एम९ हा सहायक प्रोसेसर मुख्य ए९ चिपच्या आतच बसवला गेला आणि वायरची अट गेली. मोटो एक्सनंतर दोन वर्षांनी. त्याच सुमारास मालकाचा आवाज शिकवून ठेवण्याची पायरी आली, नाहीतर एकाने हाक मारली की खोलीतले चार आयफोन ओ द्यायचे. २०२३ च्या आयओएस १७ पासून नुसतं ‘सिरी’ म्हटलं तरी चालतं, पण ते काही ठरावीक भाषांमध्येच.

गूगल असिस्टंट असताना सॅमसंगला स्वतःचा असिस्टंट, म्हणजे बिक्सबी, कशाला हवी होती?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. बिक्सबीचे बटण चुकून दाबलं जाण्याचा वैताग अनेकांच्या लक्षात आहे, त्यामुळे तो बहुधा रागाने विचारला जातो. उत्तर मात्र समजून घेण्यासारखं आहे.

सॅमसंग जगात सर्वाधिक फोन विकणाऱ्या कंपन्यांपैकी, पण तिच्या फोनमधली प्रणाली गूगलची. एस व्हॉइस तिने बाहेरच्या कंपनीच्या तंत्रावर उभं केलं होतं, ते मागे पडलं. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने व्हिव लॅब्ज विकत घेतली. या कंपनीच्या संस्थापकांत डॅग किटलॉस आणि ॲडम चेयर होते, म्हणजे ज्यांनी मूळ सिरी घडवली तेच. सिरी ही अमेरिकेतल्या एसआरआय या संशोधन संस्थेतून बाहेर पडलेली छोटी कंपनी होती आणि ॲपलने ती एप्रिल २०१० मध्ये घेतली होती.

मार्च २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ दाखवला गेला, त्याच्या डाव्या कडेला बिक्सबीसाठी वेगळं बटण. पण फोन दुकानात आला तेव्हा बिक्सबीला इंग्रजी बोलणं कळतच नव्हतं. कोरियन आवाज मे महिन्यात आला, अमेरिकेतली इंग्रजी जुलैमध्ये, आणि भारतासह बाकीच्या जगाला ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. बटण दुसऱ्या कामाला लावायची परवानगी सॅमसंगने २०१९ मध्ये दिली.

माझ्या मते कल्पना चुकीची नव्हती. सेटिंग्जमधली खोल दडलेली कामं, म्हणजे फोनचा प्रत्येक कोपरा आवाजाने हाताळता येणं, यात बिक्सबी बराच काळ गूगलच्या पुढे होती. चूक झाली ती सक्तीत. अपुरी वस्तू कायमच्या बटणावर बसवली, की लोक ती वापरून बघण्याऐवजी बंद कशी करायची ते शोधतात.

जानेवारी २०२५ मध्ये गॅलेक्सी एस२५ आला तेव्हा कडेचं बटण दाबून धरल्यावर बिक्सबीच्या जागी जेमिनी, म्हणजे गूगलचा नवा एआय असिस्टंट, उघडू लागलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात साक्षीतून समोर आलं की, जेमिनी आधीपासून बसवून देण्यासाठी गूगल सॅमसंगला पैसे देतं.

एका असिस्टंटसाठी एवढे पैसे का मोजले जातात?

कारण हाक मारून विचारलं की उत्तर एकच मिळतं. स्क्रीनवर शोध घेताना दहा दुवे दिसतात, खाली सरकता येतं, दुसरं काही निवडता येतं. आवाजात तसं नाही. ‘जवळचं मेडिकल दुकान’ विचारलं आणि असिस्टंटने एक नाव घेतलं, की गिऱ्हाईक तिकडे जातं. ते नाव कोणाचं, गाणं कोणत्या ॲपवर वाजणार, रिक्षा कोणत्या ॲपवरून बोलावली जाणार, हे असिस्टंटचा मालक ठरवतो.

शोधाच्या बाबतीत याची किंमत आकड्यांत माहीत आहे. ब्राउझर आणि फोनवर आपलं सर्च आधीपासून ठरलेलं असावं, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिले. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला गेलेली रक्कम सुमारे २० अब्ज डॉलर होती. असिस्टंटची जागा शोधाच्याही आधी येते.

कायद्याने यात काही बदललं का?

बदललं, आणि त्यात भारताचाही वाटा आहे. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये अँड्रॉइडवरच्या अटींसाठी गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला होता. तो पुढे न्यायालयाने थोडा कमी केला. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड लावला. मुद्दा तोच : प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची बाकीची ॲपही घ्या, ही अट. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले. दरम्यान भारतात फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप सुटी घेण्याची मुभा मिळाली.

असिस्टंटचं नाव घेऊन आलेला निर्णय अमेरिकेतला आहे. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधात बेकायदा मक्तेदारी राखली असं ठरवलं. २ सप्टेंबर २०२५ च्या निकालात त्यांनी सर्च, क्रोम, गूगल असिस्टंट आणि जेमिनी यांच्यासाठी ‘फक्त आमचंच’ अशा अटीचे करार करायला मनाई केली. पैसे देण्यावर मात्र सरसकट बंदी घातली नाही. याच खटल्यात पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली होती की, मोटोरोलाला त्यांचा असिस्टंट मुख्य म्हणून ठेवण्यात गूगलशी असलेला करार आड आला. ज्या मोटोरोलाने फोनला हाक मारायला शिकवलं तिचीच ही गत व्हावी, याचं मला वाईट वाटतं.

चिनी कंपन्यांचं काय?

चीनमध्ये गूगलच्या सेवा नाहीत, म्हणून तिथे प्रत्येक मोठ्या कंपनीने स्वतःचा असिस्टंट बनवला. शाओमीचा शाओ एआय २०१७ चा. हुआवेने अमेरिकी निर्बंधांमुळे गूगल गमावल्यावर २०२० मध्ये चीनबाहेरच्या फोनसाठी सेलिया आणली. भारतात विकल्या जाणाऱ्या शाओमी, विवो, ओप्पो फोनवर तुम्हाला गूगलचाच असिस्टंट दिसेल.

हे सगळं मराठीत चालतं का?

बऱ्यापैकी. गूगलची मराठी व्हॉइस टायपिंग ऑगस्ट २०१७ मध्ये आली. डिसेंबर २०१७ मध्ये जिओफोनवर असिस्टंट आला तो हिंदी आणि इंग्रजीत. २०१८ मध्ये आधी हिंदी आणि ऑगस्टमध्ये मराठी असिस्टंट फोनवर आला. जेमिनीचं ॲप जून २०२४ मध्ये भारतात नऊ भारतीय भाषांसह उपलब्ध झालं, त्यांत मराठी आहे. सिरीशी पूर्ण मराठीत बोलता येत नाही, मात्र २०२४ च्या आयओएस १८ पासून भारतीय इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं तिला कळतं.

‘मराठी आहे’ या घोषणेवर मी थांबत नाही. नवा फोन हातात आला की त्याला सांगून बघा : ‘सकाळी पावणेसहाचा गजर लाव.’ मग ‘अडीच तासांनी आठवण कर.’ मग ‘परवा सव्वाअकराला दवाखान्यात जायचंय.’ घरात आपण वेळ अशीच सांगतो. ‘पाच वाजून पंचेचाळीस मिनिटं’ असं बोलावं लागत असेल, तर मराठीचं काम अर्धवट सोडलेलं आहे. तसंच नावांचं. फोनमध्ये नंबर इंग्रजी अक्षरांत साठवलेले असतात. ‘ज्ञानेश्वरकाकांना फोन लाव’ म्हटल्यावर काका सापडतात का बघा. सापडत नसतील, तर नेहमीची दहा-बारा नावं देवनागरीत साठवा, फरक पडतो.

पुण्यामुंबईच्या प्रमाण बोलीपलीकडे गाडी अडखळते. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्यांनाच या सोयीचा फायदा सगळ्यांत जास्त, कारण टाइप करणं त्यांतल्या अनेक ज्येष्ठांना जमत नाही. आणि त्यांच्याच बोलीचा आवाज कंपन्यांकडे सगळ्यांत कमी जमा आहे. केंद्र सरकारचं भाषिणी आणि मोझिलाचं कॉमन व्हॉइस या उपक्रमांत कोणालाही मराठी वाक्यं बोलून नोंदवता येतात. गावाकडच्या मंडळींनी यात जरूर आवाज द्यावा. तो साठा कोण्या एका फोन कंपनीच्या तिजोरीत बंद होत नाही.

हाकही मराठीत मारता येईल का?

‘हे गूगल’ आणि ‘हे सिरी’ या ठरलेल्या आहेत. आयफोनवर आयओएस १८ पासून ॲक्सेसिबिलिटीमध्ये व्होकल शॉर्टकट्स आहेत. तिथे आपला शब्द तीनदा बोलून शिकवायचा आणि त्याला एखादं काम जोडायचं.

गाडी चालवताना हँड्स-फ्री वापरलं तर दंड होतो का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. रस्ता बघण्यासाठी फोन वापरायची मुभा २०२० च्या नियमबदलाने मिळाली, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून फोन होल्डरमध्ये ठेवा आणि पत्ता निघण्याआधीच सांगून ठेवा. हात मोकळे असले तरी बोलण्यात लक्ष गुंततंच. दुचाकीवर तर असिस्टंटशी बोलूच नका.

अंध किंवा हात न हलवता येणाऱ्या व्यक्तीला नुसता असिस्टंट पुरतो का?

पुरत नाही. असिस्टंट एक काम करून थांबतो. पूर्ण फोन आवाजाने चालवायला अँड्रॉइडवर व्हॉइस ॲक्सेस आहे आणि आयफोनवर २०१९ पासून व्हॉइस कंट्रोल. यांत स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणाला क्रमांक दिसतो आणि तो बोलला की बटण दाबलं जातं. दृष्टिहीनांसाठी टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर हे वाचून दाखवणारे पर्याय सोबत लागतात. दुकानदार याबद्दल सहसा सांगत नाहीत, म्हणून घरातल्या कोणीतरी अर्धा तास बसून हे लावून द्यावं.

असिस्टंट बदलायचा किंवा बंद करायचा असेल तर?

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स, आणि तिथे डिजिटल असिस्टंट ॲप. कंपनीनुसार मांडणी थोडी वेगळी असते, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘असिस्टंट’ लिहा. तिथे दुसरा असिस्टंट निवडता येतो किंवा कोणताच नको असंही ठरवता येतं. बाहेरचा असिस्टंट निवडला तरी बंद स्क्रीनवरून हाकेने तो उठेलच असं नाही. ती सोय अनेकदा आधीपासून बसवलेल्या असिस्टंटलाच मिळते, म्हणून फोन घेण्याआधी दुकानातच स्क्रीन बंद करून हाक मारून बघा. आयफोनवर सिरीच्या सेटिंग्जमध्ये हाक ऐकण्याचं बटण बंद करता येतं. लॉक असलेल्या फोनवर असिस्टंटने काय सांगावं, तेही याच ठिकाणी ठरवा. संदेश वाचून दाखवण्याची परवानगी लॉक स्क्रीनवर काढून टाका, गजर आणि फोन लावणं राहू द्या.